एकशे पाच

दर सोमवारी सकाळी कुमुद बागूल चहाचा कप घेऊन अडलेले प्रश्न वाचायला बसत. सातपुड्याच्या रांगांत आणि नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी दोनशे बारा पाड्यांवर 'सोबती' प्रकल्पाच्या पेट्या मुलांना शिकवत होत्या. एखाद्या प्रश्नाचं उत्तर पेटीला जमलं नाही, की ती तो बाजूला ठेवी. आठवडाभराचे असे प्रश्न शहाद्याला बाईंच्या पडद्यावर येऊन पडत. मासा झोपतो का? शून्याच्या अगोदर काय होतं? बकरीला पिल्लू विकलेलं कळतं का? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, गुडघ्याने चालणं निम्म्यावर आणलं होतं, आणि बाईंच्या आठवड्यात सोमवारइतका चांगला दिवस दुसरा नव्हता.

त्या सोमवारी चिमलपाडीहून आलेला प्रश्न मुलाचा नव्हता. पाड्यावरच्या पावरी बोलीत विचारलेला, यंत्राने मराठीत उतरवलेला.

"बाई, तू कधी येते? तू येते म्हणाली म्हणून पोरीने हट्ट धरला. उसाची गाडी आम्ही जाऊ दिली. आता किती दिवस थांबू?"

खाली नाव होतं: दिलवर पावरा, रमिलाचा बाप.

बाईंनी तो दोनदा वाचला. चिमलपाडीला त्या आयुष्यात गेल्या नव्हत्या. येते असं कुणाला म्हणाल्याही नव्हत्या. पण त्या म्हणाल्या नसल्या तरी त्यांचा आवाज म्हणाला असणार, हे त्यांना लगेच कळलं.

त्यांनी मकरंदला फोन लावला.

मकरंद सोनार हा त्यांचाच विद्यार्थी. शहाद्याच्या शाळेत गणिताला रडणारा मुलगा बाईंच्या हाताखाली गणितावर प्रेम करू लागला, पुण्याला जाऊन इंजिनीअर झाला आणि 'सोबती' त्याच्याच डोक्यातून निघालं. भाषा आणि आवाज शिकणारी यंत्रं तोवर घरोघरी आली होती, पण त्यांना सतत जोडणी आणि भरपूर वीज लागे. मकरंदच्या गटाने ते सगळं पोळ्यांच्या डब्याएवढ्या पेटीत बसवलं. छपरावर एक सौर तावदान, आत एक चिप, बाहेर एक कर्णा आणि दोन कान. उपग्रहाशी दिवसातून दहा मिनिटं बोलायचं, बाकी वेळ आपल्या बळावर. कॅमेरा मुद्दाम ठेवला नव्हता. मुलांची चित्रं यंत्रांनी घ्यायची नाहीत, असा कायदा झाला होता, आणि चित्रांना वीजही फार लागे. पेटी फक्त ऐके आणि बोले.

पण कुणासारखं बोले, हीच त्यातली गोम होती. मकरंदने बाईंच्या वर्गात दोन वर्षं ध्वनिमुद्रण केलं होतं. यंत्राने त्यातून बाईंचा नुसता आवाज उचलला नाही. चुकलेल्या मुलाला त्या पुढचा प्रश्न कसा विचारतात, कुठे थांबतात, कुणाला चिडवतात, कुणाला चिडवत नाहीत, हेही उचललं. मग तीच शिकवण पावरीत, भिलीत, कोरकूत, ज्या पाड्याची जी भाषा तीत, बाईंच्याच आवाजात. पेटी प्रत्येक मुलाला नावाने ओळखे, त्याला काल काय अडलं होतं ते आज लक्षात ठेवी. तोंडी चाचण्यांत पाड्यांवरची मुलं सरासरी एक्याण्णव टक्के मिळवत होती. आता दिल्लीहून मंजुरी आली, की पेट्या दोन हजार गावांत जाणार होत्या, आणि त्यानंतर आफ्रिकेतल्या दोन देशांत.

"सापडलं, बाई," अर्ध्या तासाने मकरंदचा फोन आला. तो हसत होता, पण जरा अवघडून. "तुमची सवय आहे ना, गणित घातलं की म्हणायची: सोडवा, मी बघायला येते."

"हो. म्हणजे बाकांमधून फिरत येते."

"पेटीला बाकं कुठून माहीत? पावरीत उतरवताना तिने 'तुमच्याकडे येते' असं धरलं. गेल्या तीन वर्षांत सगळ्या पेट्यांनी मिळून हे वाक्य एकेचाळीस हजार वेळा म्हटलंय."

बाईंनी दिलवरचा प्रश्न पुन्हा पडद्यावर उघडला.

"पुढच्या सुधारणेत काढून टाकतो. एका ओळीचं काम. फक्त आवाज तुमचा आहे, म्हणून संमतीची सही तुमची लागेल. पाठवलंय."

"आणि दिलवर पावराला काय सांगू?"

"मी पेटीकडून निरोप देतो ना. गैरसमज झाला, असा."

"माझ्याच आवाजात?"

"पेटीला दुसरा आवाज नाही, बाई."

"सही परत आल्यावर करते," बाई म्हणाल्या. "आधी जाऊन येते."

"बाई, तिथे गाडी जात नाही. तुमचा गुडघा..."

"गुडघा घेऊनच जाते."

*

शहाद्याहून धडगाव एसटीने, धडगावहून नदीकाठ जीपने, आणि तिथून आरोग्य खात्याच्या बोटीने दोन तास. फुगवट्याचं पाणी डोंगरांच्या कुशीत हिरवंगार पसरलं होतं. बोटवाल्याने त्यांना काठावर उतरवलं आणि वर बोट दाखवलं. टेकडीवर ज्वारीच्या कापलेल्या शेताकडेला पत्र्याची एक खोली आणि तिच्यावर उन्हात चमकणारं तावदान.

वर पोचेपर्यंत बाई घामाघूम झाल्या. दारात पंचविशीतली एक बाई तावदान पुसायची, फडकं बांधलेली काठी घेऊन उभी होती. ती जसमा. दिलवरची बहीण. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. पेटी चालू-बंद करणं, पुसणं आणि मुलांची हजेरी मांडणं हे तिचं काम. शिक्षकाची जागा सहा वर्षं रिकामीच होती.

"मी कुमुद बागूल," बाई म्हणाल्या.

जसमाच्या हातातली काठी तशीच राहिली. मग ती आत वळून पावरीत काहीतरी ओरडली, आणि एकोणीस मुलं दारात गोळा झाली.

सगळे बाईंकडे पाहत राहिले. बाईंनी हसून मराठीत विचारलं, "काय, ओळखलं का?" एकही चेहरा हलला नाही. एक लहान मुलगा आत धावत गेला आणि पेटीजवळ जाऊन उभा राहिला, जणू कुणी ती न्यायला आलं होतं.

"त्यांची बाई पावरी बोलते," जसमा हलकेच म्हणाली.

बाईंना पावरीचे चार शब्दही येत नव्हते. चौतीस वर्षं याच जिल्ह्यात नोकरी केली, पण शाळेत सगळ्यांनी मराठीच बोलायचं, असा तेव्हा दंडक होता. आता त्या पेटीपुढे बसल्या. मराठीत एक वाक्य बोलल्या, "मुलांनो, मी तुम्हाला भेटायला आले आहे." पेटीने ते ऐकलं आणि त्यांच्याच आवाजात, जरा तरुण, जरा अधिक उत्साही सुरात, पावरीत सांगितलं. मुलं पेटीकडे बघून हसली. मग बाईंकडे बघून पुन्हा गप्प झाली.

आपलं बोलणं दुसऱ्यांना कळावं म्हणून आपल्याच आवाजाला मधे घालायचं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुरुवातीला त्यांना हसू येत होतं. तिसऱ्या वाक्याला ते ओसरलं.

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. बारा वर्षांची असेल, काटक, तेल लावून चप्प बसवलेले केस. तिच्या छातीशी वह्यांचा गठ्ठा होता.

"मी रमिला," ती मराठीत म्हणाली. "तू बघायला आली ना? मी सगळ्या ठेवल्या."

सात वह्या होत्या. तीन वर्षांची सगळी गणितं. पेटीला वही दाखवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. बाई येईल तेव्हा बघेल म्हणून तिने पावसाळ्यात त्या धान्याच्या कणगीत ठेवून जपल्या होत्या. कोपरे दुमडलेले नव्हते. अक्षर टपोरं, सुंदर होतं.

बाईंनी चष्मा लावला. पहिली वही, दुसरी वही. शंभरपर्यंतचे आकडे, बेरजा, वजाबाक्या, सगळं बरोबर. त्या प्रत्येक पानाखाली सही करत गेल्या आणि रमिला पान उलटत गेली. तिसऱ्या वहीत बाईंचा हात थांबला.

*बाजारात १००५ आंबे होते, ३२ विकले.*

उत्तर नीट लिहिलं होतं: ७३.

बाईंनी पुन्हा पाहिलं. मग पुढची पानं भराभर उलटली. ३००९२ अधिक २००१०. उत्तर ६००२. कुठे २०८ बरोबर, कुठे २००८. उभी मांडणी केलेली सगळी गणितं नुसती विस्कटलेली, आणि प्रत्येकाशेजारी रमिलाने स्वतःच काढलेली बरोबरची खूण.

"रमिला, हे वाच बरं."

"एकशे पाच आंबे होते," ती घडाघडा म्हणाली. मग अडखळली. "नाही. एक हजार... नाही. पेटी एकशे पाचच बोलली होती."

"बरं. आता फळ्यावर लिही, एकशे पाच."

रमिलाने खडू घेतला. शंभर लिहिले, त्यापुढे पाच. १००५.

"आणि एक हजार पाच?"

तिने खडू टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. फळ्यावरच्या आकड्याकडे आणि बाईंकडे ती आळीपाळीने बघू लागली.

बाईंनी जसमाला सांगून सगळ्या मुलांना पाट्या घ्यायला लावल्या. मोठी मुलं नऊ होती, त्यांतल्या आठांनी १००५ लिहिलं. एकाने १०५ लिहिलं, शेजाऱ्यांचं पाहिलं आणि पुसून १००५ केलं.

भिंतीवर अंकांचा तक्ता होता. एक ते शंभर. शंभराच्या पुढचं सगळं मुलांनी कानांनी शिकलं होतं. पुस्तकांचा गठ्ठा दोरीसकट कोपऱ्यात पडला होता, कारण पेटी पुस्तक मागत नव्हती. एकशे पाच म्हणजे शंभर आणि पाच. मग शंभर लिहायचे आणि पाच लिहायचे. मुलांनी डोकं चालवूनच चूक केली होती. पेटी विचारी, एकशे पाचातून दोन गेले किती? मुलं मनात हिशोब करून सांगत, एकशे तीन. उत्तर बरोबर. पेटी म्हणे, शाबास. कागदावर काय चाललंय ते तिला दिसतच नव्हतं, आणि म्हणून एक्याण्णव टक्के.

पण बाईंना जे सगळ्यांत लागलं ते निराळंच होतं. त्या वर्गात शतक, दशक, एकक शिकवत तेव्हा नेहमी मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत, आणि लिहिताना एक शब्द बोलत नसत. मुलांनी फक्त हाताकडे बघावं, ही त्यांची जुनी पद्धत. ध्वनिमुद्रणात त्या ठिकाणी खडूची खरखर तेवढी उतरली होती. यंत्राने ती गोंगाट म्हणून पुसून टाकली असणार.

*

दुपारी दिलवर आला. उंच, सावळा माणूस. त्याने बायकोला सांगून बाईंना मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढायला लावली, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत थांबला. मग समोर उकिडवा बसला आणि मोडक्या मराठीत म्हणाला,

"बाई, तू आली ते बरं झालं. आता सांग. पोरीला ठेवू की नेऊ?"

दरवर्षी दिवाळीनंतर गाडी काठावर येई आणि पाड्यावरची निम्मी घरं गुजरातेत ऊसतोडीला जात. मुलं आईबापांबरोबर फडावर जात, आणि पेटी सहा महिने अर्ध्या रिकाम्या खोलीत बोलत राही. या वर्षी रमिला अडून बसली होती: बाई येणार आहे, माझ्या वह्या बघणार आहे, मी येत नाही.

बाईंनी खरं सांगायचं ठरवलं होतं. तरी वाक्य जड गेलं.

"दिलवर, येते असं मी म्हटलं नव्हतं. ते पेटी म्हणाली. तिला माझं बोलणं नीट कळलं नाही. तुमची गाडी त्यामुळे गेली, याचं मला फार वाईट वाटतं."

दिलवरने मान हलवली. त्याला यात नवल वाटलेलं दिसलं नाही. पण दाराशी बसलेली रमिला उठली.

"मग शाबास कोण म्हणालं?" तिने विचारलं.

ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तीन वर्षं रोज शाबास म्हणाली. तू म्हणाली का पेटी म्हणाली?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"पेटी म्हणाली," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून शिकून म्हणाली. पण वही न बघता म्हणाली. मी वही बघितल्याशिवाय शाबास म्हणत नाही."

"आता बघितली."

"आता बघितली. तुझी तोंडची गणितं फार चांगली आहेत. लिहिलेली चुकली आहेत, आणि ती चूक माझी आहे. तुला लिहायचं कुणी दाखवलंच नाही."

रमिला वह्या उचलून बाहेर निघून गेली. बाईंना वाटलं, संपलं. दिलवर मात्र तसाच बसून होता.

"ठेवू का नेऊ, ते राहिलं," तो म्हणाला.

"मी काय सांगू? ठेवलीत तर मी किती दिवस राहणार? आठ दिवस. मग पुन्हा पेटीच. तुमची पोर आहे, तुम्ही ठरवा. एवढं सांगते, या आठ दिवसांत तिला हे लिहायला येईल."

"आठ दिवस राहा," दिलवर म्हणाला. "मग बघू."

*

दुसऱ्या दिवशी रमिला सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

बाईंनी तुरीच्या शेंगा मागवल्या. दाणे सोलून दहादहाच्या पुड्या पानांत बांधल्या, दहा पुड्यांची एक टोपली. खडूने जमिनीवर तीन घरं आखली: टोपल्यांचं, पुड्यांचं, सुट्या दाण्यांचं. एकशे पाच म्हणजे एक टोपली आणि पाच दाणे. मधल्या घरात काय? काही नाही. मग काही नाही हे लिहून दाखवायचं कसं?

सांगायला मात्र भाषा लागत होती. सकाळभर त्या पेटीमार्फत बोलल्या. पेटी बिचारी 'हे घर', 'ही टोपली' असं काहीच पाहू शकत नव्हती, आणि मुलं भलत्याच घराकडे बघत. दुपारी जसमा न राहवून पुढे आली. "बाई, मी सांगू?" ती जमिनीवर मुलांमधे बसली, मधल्या रिकाम्या घरावर हात ठेवला आणि पावरीत काहीतरी म्हणाली. मुलं खो-खो हसली, आणि मग सगळ्यांनी एकदम पाट्या ओढल्या.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, या घरातली माणसं उसाला गेली. घर आहेच ना? मग त्याला कुलूप घाला. शून्य म्हणजे कुलूप."

बाईंनी पेटी बंद केली.

सहाव्या दिवशी, डावीकडे हजाराचं चौथं घर आखल्यावर, नऊतल्या नऊ मुलांनी एक हजार पाच आणि एकशे पाच वेगवेगळं लिहिलं. त्याच दिवशी उपग्रहाच्या दहा मिनिटांसाठी पेटी चालू केली, तेव्हा तीतून मकरंदचा आवाज आला. दिल्लीची बैठक चार दिवसांवर आली होती आणि सही अजून पोचली नव्हती.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"एकाच पाड्यावर असेल, बाई."

"दोनशे बारा ठिकाणी तोच तक्ता आहे आणि तोच माझा आवाज आहे."

"बरोबर आहे तुमचं. पण आत्ता हे सांगितलं तर मंजुरी अडेल. मंजुरी येऊ दे, मग दुरुस्त करू. मी शब्द देतो."

"मकरंद, तुला सहावीत अपूर्णांक येत नव्हते, आठवतं? तू तोंडाने बरोबर सांगायचास. मला कसं कळलं?"

तिकडून खरखर ऐकू आली. दहा मिनिटांतली दोनच उरली होती.

"तुम्ही माझी वही उघडलीत," तो म्हणाला. "मी ती दप्तरात लपवली होती."

"मी सही देत नाही असं नाही. ते वाक्य काढ किंवा ठेव. पण महिन्यातून एकदा प्रत्येक पाड्यावर कुणीतरी माणूस जाऊन वह्या बघेल, असं लिहून दे. तरच माझा आवाज वापर. नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी घे."

जोडणी तुटली. तो काय म्हणाला असता, हे बाईंना कळलं नाही.

मकरंदने दिल्लीत चुकीसकट सगळं मांडलं, हे त्यांना शहाद्याला परतल्यावर कळलं. त्याने तीन दिवसांत आणखी चौदा पाड्यांवर माणसं पाठवून पाट्या तपासल्या होत्या. अकरा ठिकाणी १००५ निघालं. दोन हजार गावांचा विस्तार एक वर्ष पुढे गेला. आफ्रिकेचं काम दुसऱ्या संस्थेला मिळालं. मकरंदच्या गटातले दोघं सोडून गेले. पण दोनशे बारा पाड्यांसाठी वही बघणाऱ्या सतरा जणी नेमायला परवानगी मिळाली. अट एकच: त्या पाड्यांची भाषा यायला हवी. पहिलं नाव जसमाचं होतं.

दिलवर महिनाभर उशिरा, भावाच्या टोळीबरोबर, एकटाच ऊसतोडीला गेला. त्या वर्षी रमिला आणि तिची आई पाड्यावर राहिल्या. पुढच्या वर्षीचं कुणी काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत कुमुदबाई पुन्हा बोटीत बसल्या. जसमा शेजारी होती. फुगवट्याच्या पलीकडचा एक पाडा, जसमाचा सातवा. तिथल्या वर्गात बाई मागे, दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या; गुडघा लांब केला. पुढे जसमा मुलांमधून वाकून वाकून वह्या बघत होती आणि पावरीत बोलत होती. बाईंना दहांतले तीन शब्द कळत होते. डिसेंबरपासून रोज एक तास त्या पेटीकडून पावरी शिकत होत्या; स्वतःच्याच आवाजाकडून शिकणं अवघड जात होतं, कारण तो आवाज त्यांना कधी रागवत नसे.

मांडीवर वही उघडून त्या ऐकू येईल ते लिहून घेऊ लागल्या. शेजारची एक छोटी मुलगी मान लांब करून बघत होती. तिने वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं, जोरात मान हलवली आणि जसमाला हाक मारली.

जसमा रांगेतून मागे आली. तिने वही हातात घेतली, पान वाचलं, तीन शब्दांवर काट मारली आणि चौथ्यापाशी जरा थांबली.

"हा बरोबर आहे, बाई," ती म्हणाली. "बाकीचे पुन्हा लिही."